गोव्याच्या दमट हवेत इलेक्ट्रिक बेस गिटार घडवताना

पहिली बेस गिटार मी डिचोलीच्या घरच्या पडवीत ऐन ऑगस्टमध्ये घडवली. चतुर्थीला अजून अवकाश होता, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना आत बसून रंधा मारण्याइतके सुखाचे काम दुसरे नाही, असे तेव्हा वाटले होते. गिटार वाजली आणि चांगली वाजली. परंतु जानेवारीत नेकवरून, म्हणजे गिटारच्या दांडीवरून, हात वरखाली करताना तळव्याला बारीक ओरखडे येऊ लागले. फ्रेटची, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोके दोन्ही कडांनी बाहेर आली होती. फ्रेट अर्थातच वाढले नव्हते, लाकूड आकसले होते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असली की उघड्या खोलीतले लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १७ टक्के पाणी धरून बसते, आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर आली की हेच प्रमाण १२ टक्क्यांच्या जवळ येते. एवढ्या फरकाने ६० मिमी रुंदीची पट्टी साधारण अर्धा मिमी आकसते, म्हणजे प्रत्येक कडेला पाव मिमी धातू उघडा पडतो, आणि तळव्याला बोचायला तेवढा पुरतो.

या लेखातील क्रम त्या ओरखड्यांवरून ठरलेला आहे. परदेशी मार्गदर्शनात लाकूड, हत्यारे आणि आराखडा यांविषयी पुष्कळ सांगितलेले असते, मात्र समुद्राकाठच्या आणि चार महिने पावसात भिजणाऱ्या प्रदेशात कोणते काम कोणत्या महिन्यात करावे, हे आपले आपणच ठरवावे लागते. येथे चार तारांची, स्क्रूने जोडलेल्या नेकची आणि बॅटरीशिवाय चालणारी साधी बेस गिटार गृहीत धरली आहे. वाचकाला रंधा, पटाशी आणि राऊटर (लाकडात खाचा पाडणारे विजेचे यंत्र) ही हत्यारे थोडीफार हाताळता येतात, असेही धरले आहे.

हंगाम

लाकूड नोव्हेंबरमध्ये आणावे. ते हवेशीर खोलीत, जमिनीपासून वर, मध्ये समान जाडीच्या पट्ट्या घालून रचून ठेवावे आणि दर रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर एकेक तुकडा तोलून वजन त्यावरच पेन्सिलीने लिहावे. सलग तीन आठवडे वजन हलले नाही म्हणजे लाकूड त्या हवेशी जुळले असे समजावे. सुया टोचून ओलावा मोजणारे मीटर असल्यास उत्तमच; बारा टक्के किंवा त्याहून कमी आकडा आला की काम सुरू करता येते. नेकचे चिकटकाम आणि फ्रेट बसवणे जानेवारी ते मार्च या काळात उरकावे, लेप एप्रिलपर्यंत संपवावा, आणि पावसाळा सुरू झाल्यावर केवळ वायरिंग व जुळवणी हाती ठेवावी. एवढे पाळले तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

पूर्ण आकाराचे रेखाटन

हत्याराला हात लावण्यापूर्वी दीड मीटर लांबीच्या कागदावर गिटारचे वरून आणि बाजूने असे दोन आराखडे प्रत्यक्ष मापात काढावेत. संगणकावर काढले तरी छपाई एकास एक प्रमाणात करून घ्यावी आणि छापलेली लांबी पोलादी पट्टीने तपासावी, कारण छपाईयंत्रे कागदात बसवण्यासाठी आकृती गुपचूप लहान करतात.

पहिला आकडा स्केलचा, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत टेकतात त्या पट्टीपासून) ब्रिजवरील (बॉडीवर तारा अडकवतात त्या भागावरील) सॅडलपर्यंतच्या, म्हणजे तार टेकते त्या सरकत्या आधारापर्यंतच्या, तारेच्या लांबीचा असतो. अमेरिकी वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसची स्केल ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी होती, आणि आजही बहुतेक बेस गिटारींची तीच असते. सर्वांत खालची ई तार ४१.२ हर्ट्झवर कंप पावते. इतक्या खालच्या स्वरासाठी तार जाड तरी हवी किंवा लांब तरी. ३४ इंचांवर दोन्हींचा समतोल साधतो. बोटे लहान असतील तर ३० इंचांची स्केल घेण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तारांचा संच त्या लांबीचा घ्यावा लागतो.

फ्रेटच्या जागा ठरवण्याचे गणित सोपे आहे, पण त्यात चुकीला जागा नाही. मिरजेचे सतारमेकर पडदे दांडीला दोऱ्याने बांधतात, त्यामुळे स्वर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला असतो आणि तो जन्मभर तिथेच राहतो. प्रत्येक फ्रेटपासून सॅडलपर्यंतची लांबी म्हणजे मागच्या लांबीला दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९४६ ने भागून येणारा आकडा. ८६३.६ मिमीच्या स्केलवर नटपासून पहिला फ्रेट ४८.४७ मिमीवर, दुसरा ९४.२२ वर, तिसरा १३७.४० वर, पाचवा २१६.६३ वर, सातवा २८७.२२ वर, बारावा बरोबर मध्यावर ४३१.८० वर आणि विसावा ५९१.५८ वर येतो. उरलेले आकडे वाचकाने स्वतः काढावेत आणि या आकड्यांशी ताडून पाहावेत. खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यावे. एका फ्रेटवरून पुढचा मोजत गेल्यास पेन्सिलीच्या रेघेची जाडी वीस वेळा साचते आणि वरचे स्वर बेसूर होतात.

रुंदीचे गणितही कागदावरच करावे. नट ४० मिमी धरला आणि दोन्ही कडांना साडेतीन मिमी सोडले, तर बाहेरच्या दोन तारांमध्ये ३३ मिमी अंतर राहते. ब्रिजवर शेजारच्या तारांमधले अंतर १९ मिमी असेल तर तिथे हेच अंतर ५७ मिमी होते. विसावा फ्रेट स्केलच्या ६८.५ टक्क्यांवर असल्यामुळे तिथे तारांचा पसारा सुमारे साडेएकोणपन्नास मिमी येतो, आणि दोन्ही बाजूंना साडेचार मिमी कडा ठेवल्यास नेकची रुंदी तिथे साडेअठ्ठावन्न मिमी होते. हे न काढता दुसऱ्या गिटारवरून नेकचा आकार उचलला आणि ब्रिज मात्र वेगळा घेतला, तर कडेची जी (G) तार फिंगरबोर्डच्या (नेकवरील फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या) कडेवरून खाली घसरते.

बाजूच्या आराखड्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि गिटार वाजण्याजोगी होते की नाही हे मात्र तिथेच ठरते. फिंगरबोर्डसह नेकच्या टाचेची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाची, जाडी २५ मिमी आणि बॉडीतील खोबणीची खोली १६ मिमी धरू. मग फिंगरबोर्ड बॉडीच्या वर ९ मिमी राहतो, त्यावर फ्रेट १.२ मिमी, म्हणजे फ्रेटचे माथे १०.२ मिमीवर. बाराव्या फ्रेटवर तार अडीच मिमी उंच हवी असेल तर दुप्पट अंतरावरील सॅडलवर ती फ्रेटच्या पातळीपासून जवळजवळ पाच मिमी वर असणार, म्हणजे बॉडीपासून सुमारे पंधरा मिमी. आपल्या ब्रिजचे सॅडल किती खाली आणि किती वर जाते ते मोजावे, आणि पंधराचा आकडा त्या टप्प्याच्या मध्यावर पडेल अशी खोबणीची खोली बदलून घ्यावी. याच कारणासाठी ब्रिज, ट्यूनर (तारा ताणण्याच्या खुंट्या), पिकअप (तारेच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारा भाग) आणि ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली धातूची सळई) हे सर्व भाग आराखड्यापूर्वी हातात असावेत. विक्रेत्याने दिलेल्या मापांवर विसंबू नये.

लाकूड

गोव्यात उत्तम लाकडाचा एक साठा डोळ्यांसमोर असूनही लक्षात येत नाही. जुनी कौलारू घरे पाडली जातात तेव्हा निघणाऱ्या सागवानी तुळया, वासे आणि दारांच्या चौकटी कित्येक दशके वाळलेल्या असतात. असे लाकूड हवामानातील बदलांना सरावलेले असते आणि नेकसाठी त्याच्या तोडीचे काही नाही. ते घेताना लोहचुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधावेत, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच दिवशी बाद होते. बारीक भोके आणि त्यांतून गळणारी पिठी दिसली तर भाव कितीही कमी असला तरी तो तुकडा घरात आणू नये. नवे लाकूड परवानाधारक वखारीतूनच घ्यावे. गोव्यात झाड तोडण्यासाठी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, त्यामुळे परसातला फणस स्वतःचा असला तरी गिटारसाठी म्हणून त्यावर कुऱ्हाड चालवता येत नाही.

बॉडीसाठी वजन हा पहिला निकष आहे. बॉडीचे क्षेत्रफळ साधारण ०.११ चौरस मीटर आणि जाडी ४५ मिमी धरली तर घनफळ सुमारे ०.००५ घनमीटर होते. सागवानाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो असते, म्हणजे बॉडीच सव्वातीन किलोंची झाली. नेक, ट्यूनर आणि ब्रिज धरून गिटार साडेपाच किलोंच्या घरात जाते आणि तीन तासांच्या कार्यक्रमानंतर खांदा तक्रार करतो. शिवणीचे लाकूड बरेच हलके आणि स्थिर असते, त्यावर हत्यारही लोण्यासारखे चालते, म्हणून माझी पहिली पसंती शिवणीला आहे. फणसाचे लाकूड मध्यम वजनाचे आणि सुंदर पिवळे असते. मृदंगाची खोडे आणि दक्षिणेकडील वीणेचे नादकोश त्यापासून घडतात, तेव्हा वाद्याच्या कामात ते नवखे नाही. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि रेघांनी देखणे असते, पण त्याला बुरशीचे काळे डाग आणि कीड लवकर लागते. ते वापरायचेच असेल तर घडवण्यापूर्वी बोरिक पावडर आणि बोरॅक्सच्या द्रावणात बुडवून पुन्हा पूर्ण वाळवावे.

लाकडाच्या जातीमुळे इलेक्ट्रिक बेसचा आवाज आमूलाग्र बदलतो, या समजुतीवर माझा फारसा विश्वास नाही. पिकअपची जागा, तारांचा प्रकार आणि वाजवणाऱ्याचे बोट यांचा परिणाम त्याहून कितीतरी जास्त असतो. लाकूड सरळ राहणारे, कोरडे आणि खांद्याला झेपणारे असावे, एवढे पाहावे.

फिंगरबोर्डसाठी शिसम घ्यावे. ते कठीण, तेलकट आणि हाताला गुळगुळीत असते, आणि त्याला वेगळा लेप लागत नाही.

नेक

चार तारा ओढल्यावर नेकवर एकूण ७० ते ८५ किलोंचा ताण कायम असतो. नेकमधल्या प्रत्येक निर्णयामागे हा आकडा आहे. एकाच फळीपेक्षा तीन उभ्या पट्ट्यांचा नेक अधिक भरवशाचा ठरतो: मध्ये शिसमाची दहा मिमी पट्टी आणि दोन्ही बाजूंना सागवान, तेही एकाच तुळईतून कापून आरशातल्या प्रतिमेसारखे उलटसुलट ठेवलेले, म्हणजे एक पट्टी ज्या दिशेला पिळू पाहील त्याच्या विरुद्ध दुसरी ओढेल. पट्टीच्या टोकाकडून पाहिल्यास वार्षिक वलयांच्या रेघा उभ्या दिसाव्यात. सागवान आणि शिसम दोन्ही तेलकट असल्यामुळे चिकटवण्याच्या दहा मिनिटे आधी सांध्याचे पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावेत, अन्यथा फेव्हिकॉल वरवर धरतो आणि वर्षभरात सुटतो. पाण्यावर आधारलेल्या चिकटकामानंतर लाकडाला निदान आठवडाभर विश्रांती द्यावी. शिकंजे चोवीस तासांत काढता येतात, पण सांध्यात शिरलेले पाणी तेवढ्या वेळात बाहेर पडत नाही.

चिकटवलेला ठोकळा ९०० मिमी लांब, ७५ मिमी रुंद आणि १९ मिमी जाड असा रंधून घ्यावा आणि त्याच्या मधोमध एक रेघ मारावी. ही रेघ शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. ठोकळ्याच्या कडा अजून समांतर आहेत तोवरच ट्रस रॉडची खाच राऊटरने पाडावी, कारण एकदा नेक निमुळता कापला की राऊटरच्या मार्गदर्शक पट्टीला टेकायला सरळ कड उरत नाही. दोन्ही दिशांनी काम करणारा ट्रस रॉड घ्यावा. त्याची खाच बहुधा सहा मिमी रुंद असते आणि खोली रॉडइतकीच ठेवावी. रॉड खाचेत हलका दाबून बसावा. खुळखुळला तर काही स्वरांवर नेकमधून झणझण ऐकू येते आणि ती नंतर काढता येत नाही.

डोक्याचा, म्हणजे ट्यूनर बसतात तो, भाग मागे कललेला ठेवावा की सरळ, हा आवडीचा प्रश्न नाही. कललेल्या डोक्यात लाकडाचे धागे आडवे कापले जातात आणि गिटार पडली की नेमकी तिथेच मोडते. पहिल्या वेळी डोके सरळ ठेवावे, फिंगरबोर्डच्या पातळीपासून खाली उतरवून त्याची जाडी १५ मिमी करावी, आणि डी व जी तारा नटवर दाबून धरणारी छोटी खुंटी बसवावी. डोके ७५ मिमीपेक्षा रुंद हवे असेल तर कडेला त्याच लाकडाचे कान चिकटवावेत.

फ्रेटच्या खाचा फिंगरबोर्ड नेकवर चिकटवण्यापूर्वी, तो आयताकृती असतानाच कापाव्यात. फ्रेटच्या पात्यासाठी खाच साधारण ०.५८ मिमी रुंद लागते. तेवढ्याच जाडीची बारीक करवत मिळवावी आणि ती गुण्याला टेकवलेल्या लाकडी मार्गदर्शकातून चालवावी. सुताराची नेहमीची करवत इथे चालत नाही. चिकटवताना ओल्या फेव्हिकॉलवर फिंगरबोर्ड हमखास घसरतो, म्हणून पहिल्या आणि बाराव्या फ्रेटच्या खाचेतून दोन बारीक खिळे आधीच अर्धवट ठोकून जागा पक्की करावी आणि चिकटल्यावर ते उपटावेत. ट्रस रॉडवर चिकटपट्टीची अरुंद पट्टी लावून ठेवावी, म्हणजे फेव्हिकॉल आत शिरत नाही. दाब सर्वत्र सारखा पडण्यासाठी वर जाड सपाट फळी ठेवून आठ-दहा शिकंजे लावावेत, आणि फळी काढल्यानंतर निमुळता आकार रेघेच्या बाहेर एक मिमी ठेवून कापावा, मग रंध्याने रेघेपर्यंत आणावे.

मागची गोलाई कोरणे हे साऱ्या कामातले सर्वांत आनंदाचे काम आहे, म्हणूनच तिथे हात आवरावा लागतो. पहिल्या फ्रेटजवळ फिंगरबोर्डसह एकूण जाडी २१ मिमी आणि बाराव्याजवळ २३ ते २४ मिमी ठेवावी. ट्रस रॉडच्या खाचेखाली निदान पाच मिमी लाकूड शिल्लक राहील हे आराखड्यातच तपासलेले असावे. आधी या दोन ठिकाणी अचूक खोलीच्या आडव्या खाचा घ्याव्यात, मग त्यांना जोडणारा सपाट उतार काढावा, नंतर कोपरे तिरके कापून अष्टकोन करावा, त्याचा षोडशकोन करावा आणि शेवटी जुन्या सायकलच्या ट्यूबवर चिकटवलेला पॉलिश पेपर बूट पुसावा तसा आडवा ओढून गोलाई आणावी. मधूनमधून डोळे मिटून हात फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा अंगठ्याला लगेच कळतो.

फ्रेट बसवणे

फिंगरबोर्डला आडवी किंचित गोलाई द्यावी लागते. तिची त्रिज्या २४१ किंवा ३०५ मिमी ठेवली तर दोन्ही चांगल्या. त्या मापाचा घासण्याचा ठोकळा विकत मिळतो. गोलाई देताना ट्रस रॉड मोकळा असावा आणि नेक सरळ पट्टीखाली तंतोतंत सपाट दिसावा. घासून खाचा उथळ होतात, म्हणून त्यांची खोली पुन्हा तपासून फ्रेटच्या पात्यापेक्षा अर्धा मिमी जास्त करावी. फ्रेटची तार फिंगरबोर्डच्या गोलाईपेक्षा थोडी जास्त वाकवून घ्यावी, खाचेच्या कडा त्रिकोणी कानशीने अगदी हलक्या मोडाव्यात, आणि प्लास्टिकच्या तोंडाच्या हातोडीने आधी दोन्ही टोके, मग मध्य, असे ठोकावे.

टोकांबाबत मी आता वेगळी पद्धत वापरतो. फ्रेटच्या पात्याचे शेवटचे दोन मिमी कापून टाकायचे, खाचेचे टोक शिसमाच्या भुकटीने आणि गोंदाने बुजवायचे आणि फ्रेटचा माथा कडेपासून पाव मिमी आत ठेवायचा. आकसण्यासाठी लाकडाला तेवढी जागा मिळते. कामाला एक दिवस जास्त लागतो, पण जानेवारीत ओरखडे येत नाहीत. समुद्रकिनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलचे फ्रेट घ्यावेत; खाऱ्या हवेत ते हिरवट पडत नाहीत, मात्र कानस लवकर झिजवतात.

नंतर सर्व माथ्यांना मार्करची शाई लावून लांब सपाट ठोकळ्याने, बारीक पॉलिश पेपरवर, सर्व फ्रेटवरील शाई जेमतेम पुसली जाईपर्यंत घासावे. जे फ्रेट चपटे झाले असतील त्यांना गोल कानशीने पुन्हा माथा द्यावा आणि चकाकी आणावी.

बॉडी

दोन फळ्यांचा सांधा मध्यरेषेवर घ्यावा. १२ मिमी एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) साचा आधी बनवावा, कारण एमडीएफवर झालेली चूक साठ रुपयांची असते आणि शिवणीवर झालेली महिन्याभराची. वरचे शिंग गळ्यातल्या पट्ट्याचे बटण बाराव्या फ्रेटच्या समोर येईल इतके पुढे काढावे. ते आखूड राहिल्यास ट्यूनरच्या वजनाने डोके सतत जमिनीकडे झुकते आणि डावा हात वाजवण्याऐवजी नेक उचलून धरण्यात गुंततो. शंका असेल तर पुठ्ठ्यावर आकार कापून, त्याला प्रत्यक्ष वजनाच्या पिशव्या बांधून, दोरीने गळ्यात अडकवून पाहावे.

नेकची खोबणी बाहेरचा आकार कापण्यापूर्वी, राऊटरला टेकायला भरपूर लाकूड शिल्लक असताना पाडावी. एका वेळी तीन ते चार मिमीच खोल जावे. खोबणीत नेक इतका घट्ट बसावा की स्क्रूशिवाय नेक धरून उचलले तरी बॉडी खाली पडू नये. त्यानंतर नेक तात्पुरता आवळून नटच्या दोन्ही बाहेरच्या तारांच्या जागांपासून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणावेत, आणि ते फिंगरबोर्डच्या कडांपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर येईपर्यंत ब्रिज सरकवावा. ब्रिजची भोके याच क्षणी पाडायची, आधी नाही. जी तारेचे सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे ओढलेले असताना नटपासून ८६३.६ मिमीवर यावे. जाड ई तारेचे सॅडल स्वर जुळवल्यावर त्याच्या चार-पाच मिमी मागे जाते, म्हणून मागे सरकायला जागा राखावी.

पिकअपच्या खाचा मग दोऱ्यांच्या मध्यावर आखाव्यात. १९५७ पासून प्रिसिजन बेसवर आलेला दुभंगलेला पिकअप ब्रिजपासून साधारण १४ ते १५ सेंमीवर ठेवला की भरीव, गोल आवाज मिळतो. ब्रिजकडे सरकवत नेले तसा आवाज टोकदार आणि पातळ होतो. पिकअप स्वतः गुंडाळण्याचा मोह पहिल्या गिटारच्या वेळी टाळावा.

वायरिंग

एक पिकअप, आवाजासाठी २५० किलोओहमचा पॉट (बटणाने फिरवून कमीजास्त होणारा रोधक), टोनसाठी तसाच दुसरा पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ६.३५ मिमीचा जॅक, एवढ्यात काम होते. पिकअपची गरम, म्हणजे संकेत नेणारी, तार आवाजाच्या पॉटच्या पहिल्या पायावर, मधला पाय जॅकच्या टोकाकडे आणि तिसरा पाय पॉटच्या पाठीवर डाग देऊन जमिनीला, म्हणजे सर्किटच्या सामाईक ग्राउंडला, जोडावा. पहिल्या पायापासून टोनच्या पॉटच्या मधल्या पायाकडे तार न्यावी आणि त्याच्या कडेच्या पायापासून कपॅसिटर जमिनीला द्यावा. टोनचे बटण उलट्या दिशेने चालले तर कडेचा पाय बदलावा. लॉगरिदमिक पॉट घ्यावेत. सरळ चालीच्या पॉटमध्ये सारा बदल शेवटच्या थोड्याशा फेऱ्यात कोंबला जातो.

वायरिंगच्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावावी, तिचे तुकडे एकमेकांशी डाग देऊन जोडावेत आणि ते जमिनीला न्यावेत. ब्रिजखालून एक तार जमिनीला जाते हे विसरू नये. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबते ती याच तारेमुळे. जत्रेत किंवा लग्नाच्या तात्पुरत्या मंडपात वाजवणाऱ्यांनी हीच तार धोक्याचीही असते हे ध्यानात ठेवावे: मंडपाचे अर्थिंग सदोष असेल तर गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामध्ये वाजवणाऱ्याचे शरीर सापडते. प्लग लावण्याआधी अर्थिंग तपासणारा सॉकेट-टेस्टर खिशात असावा.

लेप

शेलॅक आणि लॅकर दमट दिवसांत पांढरट पडतात, कारण वाळताना थंड झालेल्या पृष्ठभागावर हवेतील पाणी अडकते. घरी काम करणाऱ्याने तेलाचा लेप द्यावा: तुंग तेलाचे किंवा उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार-पाच पातळ थर, प्रत्येक थर लावल्यावर पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून, पुढच्या थरापूर्वी एक-दोन दिवस वाळू द्यायचा. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. चकचकीत रंग हवाच असेल तर फर्निचरच्या कारखान्यात पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप फवारून घ्यावा, मात्र नेकच्या मागच्या बाजूला तो देऊ नये, घामट हाताला तो चिकटतो.

तारा चढवल्यानंतर

तारा पूर्ण स्वरात आणून गिटार एक दिवस तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यातील फट पाहावी, ती ०.३ ते ०.४ मिमी असावी. जास्त असल्यास ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने एका वेळी पाव फेरा आवळावा आणि कमी असल्यास सैल करावा. त्यानंतर नटच्या खाचा पहिल्या फ्रेटच्या माथ्यापेक्षा किंचितच वर राहतील इतक्या खोल कराव्यात. सॅडलची उंची बदलून बाराव्या फ्रेटवर ई तार अडीच मिमी आणि जी तार दोन मिमीवर आणावी. हा क्रम उलटा करू नये, कारण नेकचा बाक बदलला की उंचीही बदलते.

शेवटी स्वरशुद्धी. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर ट्यूनरवर ताडावा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्यावे, उतरा असेल तर पुढे आणावे. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा जुळवून घ्यावी.

पहिल्या पावसात नेक हलतोच. जुलैच्या मध्यावर आणि पुन्हा जानेवारीत फट मोजावी, ट्रस रॉड किती फिरवावा लागला ते पोकळीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह पेन्सिलीने लिहावे. माझ्या दुसऱ्या गिटारच्या झाकणावर सहा पावसाळ्यांच्या नोंदी आहेत. पहिल्या दोन वर्षी अर्धा-अर्धा फेरा, तिसऱ्या वर्षी पाव, आणि त्यानंतर नुसती तारीख आणि फट.